सुट्टी, पलटण आणि घर : फौजी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात; पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. अशा गावात नव्या सुनेला शेजारणीच सगळं शिकवतात. पण हल्ली फौजीशी लग्न करणारी मुलगी नोकरीवाली असते, शहरात वाढलेली असते आणि तिच्या अख्ख्या सोसायटीत दुसरं फौजी घर नसतं. मग फोन येतात, ‘काकू, एक विचारू का?’ तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

माझे यजमान पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी संसाराची काही वर्षं गावी सासरी काढली, काही छावणीतल्या क्वार्टरमध्ये. खालचे नियम भूदलातल्या जवान आणि जेसीओंचे (नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर) आहेत. नौदलात, हवाई दलात थोडा फरक पडतो. सीआरपीएफ, बीएसएफ ही गृह मंत्रालयाची दलं. त्यांचं सगळंच निराळं.

वर्षाला सुट्टी किती मिळते?

वार्षिक सुट्टी ६० दिवस आणि किरकोळ सुट्टी, म्हणजे सीएल, ३० दिवस. अधिकाऱ्यांना वार्षिक ६० आणि सीएल २०. बेरीज करून ‘तीन महिने घरी!’ असा हिशेब लग्न जमवणारे मामा हमखास सांगतात. तो कागदावरचा हिशेब. सीएल वार्षिक सुट्टीला जोडता येत नाही आणि त्या वर्षात घेतली नाही तर बुडते. ती तुकड्यातुकड्यानेच वापरावी लागते, आणि माणूस तवांगला असेल तर दहा दिवसांच्या सीएलमधले पाच-सहा रस्त्यावरच जातात.

बाळंतपणाच्या वेळी बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर. ही रजा मागितली जात नाही, कारण घरच्यांना ती आहे हेच माहीत नसतं. शिल्लक राहिलेली वार्षिक सुट्टी नियमानुसार साठते, तिची कमाल मर्यादा ३०० दिवस, आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे होतात. काही जवान त्या पैशासाठी सुट्टी राखून ठेवतात. माझं स्पष्ट मत: मुलं लहान असताना हा व्यवहार करू नये.

सुट्टी हक्काची आहे ना? मग गणपतीला का नाही मिळाली?

सुट्टी मिळते ती सेवेची गरज भागल्यावर. वर्षाच्या सुरुवातीला कंपनीत, म्हणजे पलटणीच्या तुकडीत, सुट्टीचा तक्ता बनतो. एका वेळी ठरावीक माणसंच बाहेर जाऊ शकतात, बाकीच्यांनी पोस्ट, म्हणजे चौकी, सांभाळायची. आता मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीत सगळ्यांनाच गणपती हवा, सगळ्यांनाच दिवाळी हवी आणि गावची जत्राही हवी. कंपनीच्या सीनिअर जेसीओला त्या आठवड्यात कोणी सुखाने जेवू देत नाही. उलट तोफखान्यात, सिग्नल्समध्ये किंवा इंजिनिअर्सच्या मिश्र युनिटमध्ये सगळ्या प्रांतांतली पोरं असतात. तिथे केरळचा ओणमला जातो, पंजाबचा लोहडीला आणि आपला गणपतीला. त्या अदलाबदलीत बरंच साधतं.

घरून एवढंच करता येतं: कोणत्या वर्षी काय सगळ्यांत महत्त्वाचं आहे ते वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून त्याला सांगा. दहावीची परीक्षा, नणंदेचं लग्न, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यांतलं एक निवडा. तिन्ही सांगितलीत तर तो ऐनवेळी एकही साधू शकणार नाही. मागच्या वर्षी दिवाळी हुकली असेल तर यंदा त्याचा नंबर आधी लागण्याची शक्यता जास्त, आणि तेवढं तोंड उघडून मागायला लाजू नये.

सुट्टी सुरू झाली म्हणाले, तरी माणूस चार दिवस पोचत नाही. असं कसं?

पोस्टवरून खाली यायचं, ट्रान्झिट कॅम्पला थांबायचं, गाड्यांच्या ताफ्याची वाट बघायची, मग रेल्वे. लेहहून विमान हवामानावर अवलंबून. दोन दिवस धावपट्टीच दिसली नाही असंही होतं. जम्मूहून पुण्याला झेलम एक्सप्रेसने यायचं तर दीड दिवसापेक्षा जास्त, पुढे एसटी. लष्करी वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाने रेल्वे प्रवासाचा कागद, असला तरी आरक्षण मिळेलच असं नाही. स्टेशनवरच्या एमसीओकडे, म्हणजे लष्कराच्या वाहतूक कचेरीत, रांग असते. म्हणून ‘अमुक तारखेला सकाळी नऊला वास्तुशांत’ असलं काही त्याच्या भरवशावर ठरवू नका. पोचल्यावर पहिले दोन दिवस झोपू द्या. पाहुण्यांना तिसऱ्या दिवशीपासून बोलवा.

वर्षभर वाट पाहतो आणि सुट्टीत नुसती भांडणं होतात. आमच्यातच काही बिनसलंय का?

नाही. हे बहुतेक घरांत होतं. या पानावरचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच, म्हणून जरा विस्ताराने.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असे. त्याच्या मागच्या पानावर सासूबाई पेन्सिलीने कामं लिहवून घेत. मोटारीचं वायंडिंग. विहिरीच्या कठड्याचे दगड. थोरल्या दिरांशी बांधाचं बोलणं. सोसायटीचं कर्ज. धाकटीचं स्थळ. गोठ्याचे पत्रे. ‘तो आला की बघू’ हे वाक्य आमच्या घरात वर्षभर चालायचं, आणि तो आला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ते पान त्याच्या हातात. दुपारपर्यंत माणूस तलाठ्याकडे, संध्याकाळी भावकीच्या बैठकीत. बायकोला रात्री मिळायचा तो जांभया देणारा नवरा. सुट्टी संपताना यादीतली निम्मी कामं झालेली, निम्मी राहिलेली आणि प्रत्येकाच्या मनात ‘माझ्यासाठी याने वेळ दिला नाही’.

अडचण दिवसांच्या कमतरतेची कमी आणि निर्णय साठवून ठेवण्याच्या सवयीची जास्त आहे. तो नसताना घर चालतंच की! खत आणलं जातं, मुलांची फी भरली जाते, म्हातारीला दवाखान्यात नेलं जातं. ते सगळं बहुतेक त्याची बायको करते. मग मोटारीचं वायंडिंग करायला त्याची वाट कशाला बघायची? खरं कारण असं की सुनेने ठरवलेलं घरात चालत नाही. मुलाने तेच सांगितलं की चालतं. ही गाठ त्यानेच सोडवायची असते, आणि ती सुट्टीत सुटत नाही, सुट्टीच्या आधी फोनवर सुटते. ‘पंपाचं काय ते हिला विचारा, ती ठरवेल’ असं त्याने आईवडिलांना दोनचार वेळा सांगितलं की घराला सवय लागते.

दुसरं, कामं वेगळी काढा. ज्याला त्याची सहीच लागते, जे त्याच्याशिवाय भावकी ऐकणार नाही, तेवढंच सुट्टीसाठी ठेवा. पत्रे, कठडा, रंगकाम यांना गवंडी-सुतार आहेत. आणि सुट्टीत घर बांधायला काढू नका. दोन महिन्यांत स्लॅब पडत नाही, माणूस सगळे दिवस वाळूच्या ट्रकमागे धावतो आणि शेवटी अर्धवट भिंती सोडून जातो.

तिसरं त्याच्यासाठी. घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या तपासणी सुरू करू नका. डबे इथे का, मुलं अजून झोपलेली कशी, चपला रांगेत का नाहीत. पलटणीत तुम्ही दहा जणांचे सेक्शन कमांडर असाल. इथे वर्षभर कमांड दुसऱ्या कुणाकडे होती.

मुलगी बापाकडे जातच नाही. ‘काका’ म्हणते. काय करू?

दीड ते तीन वर्षांची मुलं असं करतात. माझा थोरला तर दाराआडून विचारायचा, ‘हे कधी जाणार?’ यजमान हसून न्यायचे, पण रात्री झोप लागायची नाही त्यांना.

मुलाला ओढून मांडीवर बसवू नका, ‘पप्पाची पापी घे’ म्हणून मागे लागू नका. बापाने घरातलं एक ठरलेलं काम घ्यावं, मुलाला रोज आंघोळ घालणं किंवा अंगणवाडीत सोडणं. खेळण्यांपेक्षा यानेच लवकर जमतं. शिस्त लावायचं काम पहिल्या सुट्टीत बापाकडे देऊ नका. ‘थांब, पप्पा आले की सांगते’ ही धमकी वर्षभर दिलीत, तर पप्पा येणार म्हटल्यावर ते पोर घाबरणारच. मोठ्या मुलांचं उलटं असतं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा बापाशी नीट बोलतो, पण त्याच्या सांगण्याला ‘तुम्ही इथे असता कुठे’ असं उत्तर देतो. ते ऐकून घ्यावं. खरंच आहे ते.

फोन कधी येईल सांगता येत नाही, आला की धड बोलणं होत नाही.

पुढच्या पोस्टवर नेटवर्क नसतं, असलं तरी मोबाइल जवळ ठेवायची परवानगी असेलच असं नाही. सियाचिनसारख्या ठिकाणी पोस्टवरची पाळी साधारण तीन महिन्यांची, आणि तिथून बोलणं म्हणजे ठरलेल्या फोनवर रांगेत उभं राहून चार मिनिटं. त्या चार मिनिटांत गायीचं, भावजयीचं आणि विजेच्या बिलाचं ऐकवायचं का, ते ठरवा.

आमच्याकडे फोन आला की स्पीकर लागायचा. सासरे, सासूबाई, शेजारच्या आक्का, सगळे एकदम. माझ्या वाट्याला ‘बरं आहे, ठेवू का?’ एवढंच यायचं. शेवटी यजमानांनीच रिवाज घातला: एक फोन घराचा, एक माझा. नव्या सुनांनी हे पहिल्या महिन्यातच ठरवून घ्यावं. नंतर मागितलं की रुसवा होतो.

कुठे आहेस, किती जण आहात, पुढे कुठे जाणार असं विचारू नका. पत्त्यात ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (लष्करी टपाल कचेरीचा क्रमांक) असतं ते ठिकाण कळू नये म्हणूनच. लष्कराने २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अॅप मोबाइलमधून काढायला सांगितली. नवऱ्याने काढलेलं अॅप बायकोच्या मोबाइलवर असतं, आणि त्यावर त्याचा बंकरमधला फोटो स्टेटसला लागतो. मग चौकशी त्याची होते. वाईट बातमी असेल तर आधी विचारा, ‘ड्युटीवर निघालायस का?’ हातात रायफल घेऊन रात्रभर उभं राहणाऱ्याला बांधाचं भांडण तेव्हाच सांगायची गरज नसते. पण आजारपण लपवूही नका. लपवलेलं दुसऱ्या गाववाल्या जवानाकडून कळतंच, आणि मग पुढच्या प्रत्येक ‘सगळं ठीक आहे’वरचा त्याचा विश्वास उडतो.

गावी राहावं की त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये?

तो फील्डला, म्हणजे सीमेवरच्या किंवा मोहिमेच्या भागात, असेल तर हा प्रश्न नाही. तिथे कुटुंब नेता येत नाही. साधारण दोन-तीन वर्षं फील्ड, मग तेवढीच पीस स्टेशन, म्हणजे शांत भागातली छावणी, असं चक्र चालतं. पीसला आला की फॅमिली क्वार्टरसाठी नाव नोंदवायचं, यादी लांब असते, कधी नंबर लागेपर्यंत पुन्हा बदलीची वेळ येते. फील्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी काही छावण्यांत वेगळी क्वार्टर असतात. त्याला सेपरेटेड फॅमिली क्वार्टर म्हणतात. शाळा, लष्करी दवाखाना, कँटीन जवळ आणि शेजारणी सगळ्या तुमच्यासारख्याच. नोकरी नसलेल्या आणि लहान मुलं असलेल्या बाईला मी हेच सुचवेन.

माझं मत विचाराल तर पीसची वर्षं काहीही करून एकत्र काढा. सासूसासऱ्यांना ते पटत नाही, ‘आमचं कोण बघणार’ म्हणतात, आणि त्यात तथ्य असतं. त्यांनाही दोन महिने घेऊन या. आमचे सासरे झाशीजवळच्या बबीना छावणीत आले तेव्हा पहिल्याच दिवशी कुरकुर सुरू झाली, पण तिथे त्यांना तीन जण कोरेगाव तालुक्यातले भेटले आणि पुढे ते परत जायचं नाव घेईनात.

मुलांच्या शाळेचं काय?

केंद्रीय विद्यालयांत संरक्षण दलांच्या मुलांना प्राधान्य असतं, बदली झाली की दुसऱ्या गावी प्रवेश मिळतो. आर्मी पब्लिक स्कूल बहुतेक मोठ्या छावण्यांत आहेत. दोन्हीकडे सीबीएसई. गावातल्या मराठी शाळेतून सातवीत एकदम तिकडे घातलं तर हिंदी-इंग्रजीने मूल गांगरतं, म्हणून हलवायचं तर लवकर हलवा. वर्ष मध्यावर असताना बदली आली तर परीक्षेपर्यंत क्वार्टर ठेवण्याची परवानगी मागता येते. आठवीनंतर मात्र एका जागी राहणं बरं. गावात चांगली शाळा नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण विभागाची मुला-मुलींची वसतिगृहं आहेत; जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

लग्नाची तारीख कशी धरावी?

सुट्टी मंजूर झाल्याशिवाय पत्रिका छापू नये. एवढंच.

लग्नानंतर कोणते कागद आधी करायचे?

लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत, लगेच, त्याच सुट्टीत. ते प्रमाणपत्र आणि जोडीचा फोटो युनिटला गेला की तुमच्या नावाची पार्ट टू ऑर्डर निघते. ती निघाली की फौजेच्या दप्तरी तुम्ही त्याची बायको. त्याआधी नाही, मग लग्नाला पाचशे माणसं जेवलेली असोत. मूल झालं की त्याचीही निघायला हवी.

घोळ होतो तो नावाचा. माहेरी ‘सुवर्णा’, सासरी हौसेने ‘स्वरा’, आधारवर वडिलांचं नाव, बँकेत नवऱ्याचं, पॅनवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. आज काही अडत नाही. पंधरा-वीस वर्षांनी पेन्शनच्या वेळी, किंवा देव न करो कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली तर, संरक्षण दलांच्या पेन्शनच्या ‘स्पर्श’ प्रणालीत नाव जुळत नाही म्हणून सगळं अडकतं आणि प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. लग्नात नाव बदलायचं असेल तर सगळीकडे एकसारखं बदला. नाहीतर माहेरचंच ठेवा, त्याने नवरा परका होत नाही. मुलाच्या जन्मदाखल्यावरची आणि शाळेतली तारीख एकच हवी. शाळेत लवकर घालायचं म्हणून तारीख पुढेमागे करणाऱ्या आजोबांना आधीच आवरा.

आईवडील त्याच्यावर अवलंबून असतील तर त्यांचंही नाव दप्तरी आणि डिपेंडंट कार्ड करून घ्या, म्हणजे लष्करी दवाखान्यात उपचार होतात. ईसीएचएस ही माजी सैनिकांची वैद्यकीय योजना, निवृत्तीनंतरची; तो सेवेत असताना ते कार्ड मागत बसू नका. आणि बँकेत जॉइंट खातं, एटीएम कार्ड तुमच्या हातात. हे मागायला संकोच वाटतो, तरी मागा.

तो सीमेवर आणि इकडे चुलत्याने बांध कोरला, वर कोर्टात दावा टाकला. तारखेला कोण जाणार?

यासाठी जुना कायदा आहे: भारतीय सैनिक (खटले) अधिनियम, १९२५. लढाईच्या किंवा तशा विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाविरुद्ध त्याच्या पाठीमागे एकतर्फी निकाल होऊ नये म्हणून तो केला. कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र कोर्टात दिलं की कामकाज पुढे ढकललं जाऊ शकतं. जिल्हाधिकारीसुद्धा कोर्टाला कळवू शकतात की हा माणूस सैनिक आहे, हजर राहू शकत नाही. महसुली दाव्यांनाही तो लागू होतो. तालुक्याच्या वकिलांपैकी सगळ्यांनाच तो आठवतो असं नाही. तुम्ही आठवण करून द्या.

दुसरं, कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र लिहितात. त्या पत्राने निकाल लागत नाही, पण अर्ज फाइलच्या तळातून वर येतो. वडील गेले असतील तर वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो, त्यासाठी सुट्टी घालवायची गरज नाही. मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर बायकोला किंवा आईला, नेमक्या कामापुरतं. ‘सर्व अधिकार’ असलेलं कुलमुखत्यारपत्र भावकीत कोणाला देऊ नका. त्यावर जमीन विकल्याच्या कहाण्या प्रत्येक गावात आहेत.

घरी कोणी अत्यवस्थ आहे, त्याला ताबडतोब कसं बोलवायचं?

पूर्वी तार जायची. ‘मदर सीरियस’ची तार इतकी बदनाम झाली होती की खऱ्या तारेवरही साहेब विश्वास ठेवत नसत. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवाच बंद झाली. आता युनिटच्या कचेरीला फोन करा, दवाखान्याचं नाव, वॉर्ड, डॉक्टरांचा नंबर सांगा आणि कागदाचा फोटो पाठवा. युनिट खात्री करून घेतं, त्यात अपमान मानू नका. कंपनीचा, सीनिअर जेसीओचा आणि त्याच्या एका जवळच्या सोबत्याचा, असे तीन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. फक्त त्याच्या मोबाइलवर भिस्त ठेवली तर नेमका तो गस्तीवर असतो.

सुट्टीवर असताना असं झालं आणि दिवस वाढवून हवे असतील तर सुट्टी संपायच्या आधी युनिटला कळवून लेखी वाढ घ्यावी. तो स्वतः आजारी पडला तर जवळच्या लष्करी दवाखान्यात हजर व्हावं. तिथे पोचणं शक्यच नसेल आणि सरकारी किंवा खासगी दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर त्याच दिवशी युनिटला आणि जवळच्या लष्करी ठाण्याला खबर द्यायची. ‘चार दिवस उशिरा गेला म्हणून काय होतंय’ हे वाक्य आईच्या मायेतून येतं, पण आर्मी ॲक्टच्या कलम ३९ प्रमाणे सबळ कारणाशिवाय सुट्टी संपल्यावर हजर न होणं गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन वर्षांच्या कैदेपर्यंत होऊ शकते. जास्त दिवस झाले की पोलीस घरी येतात. चार दिवसांचं प्रकरण एवढं वाढत नाही, पण शिक्षेची लाल शाईतली नोंद बढतीच्या वेळी आडवी येते.

सुट्टी अर्धवट सोडून परत बोलावलं तर?

जावं लागतं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सुट्टीवर आलेल्या अनेकांना तातडीने परत बोलावलं गेलं. हळद ओली असताना निघालेले जवान महाराष्ट्रातही होते. अशा वेळी घरच्यांनी चिडायचं कुणावर, हेही कळत नाही. बॅगेत काय भरायचं तेवढं सुचतं: लाडू ताजे असोत-नसोत, मोजे, चार्जर, औषधं. सुट्टीचे न वापरलेले दिवस साधारणपणे नंतर मिळू शकतात. पुढच्या महिन्यात त्याने त्यासाठी अर्ज केला का, एवढं मात्र विचारा.

आमचा मुलगा अग्निवीर आहे. त्याला हेच नियम?

नाही. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस सुट्टी, शिवाय डॉक्टरी सल्ल्याने आजारपणाची रजा. चार वर्षांची मुदत, त्यात लग्न करता येत नाही. त्यानंतर प्रत्येक तुकडीतले २५ टक्क्यांपर्यंत कायम होतात. त्यामुळे ‘लग्न उरकून टाकू, बाकी पुढचं पुढे’ असा विचार करणाऱ्या आईबापांनी थांबावं. मुलीकडच्यांना कायम होण्याची खात्री देऊ नका. ती कुणीच देऊ शकत नाही.

बायकोच फौजेत असेल तर?

२०२१ मध्ये लष्करी पोलीस दलात जवान म्हणून मुलींची पहिली तुकडी आली. अधिकारी आणि परिचारिका तर आधीपासून आहेत. प्रसूती रजा १८० दिवसांची. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने महिला जवानांनाही प्रसूती, बालसंगोपन आणि दत्तक रजा अधिकाऱ्यांप्रमाणेच देण्याचा निर्णय जाहीर केला. रजेचा प्रश्न त्यामानाने सोपा. अवघड ते सासर. वर्षातून दोनदा घरी येणारा मुलगा आला की गोडधोड होतं, तशीच येणारी सून आली की तिला पहिल्या सकाळी चुलीपुढे उभं करतात. यावर कोणतीही पार्ट टू ऑर्डर निघत नाही.

नवरा पैसेच पाठवत नाही, फोनही घेत नाही.

कमांडिंग ऑफिसरला लेखी अर्ज करा, लग्नाच्या दाखल्याच्या प्रतीसह. चौकशी होऊन पगारातून बायको-मुलांच्या पोटगीची रक्कम कापून देण्याची तरतूद आर्मी ॲक्टमध्ये आहे. अर्ज म्हणजे नोकरी जाणार असं भय दाखवून सासरचे थांबवतात. पोटगीने नोकरी जात नाही. तिकडे काही भांडण, व्यसन, कर्ज असेल तर तेही त्या निमित्ताने उजेडात येतं आणि कधीकधी माणूस सावरतो.

घराजवळ बदली मिळते का?

वडील अंथरुणाला खिळले, बायकोला मोठं आजारपण आलं, मूल दिव्यांग आहे, अशा कारणांनी सहानुभूतीच्या आधारावर बदली मागता येते. कागद पक्के लागतात आणि ती ठरावीक मुदतीची असते. निवृत्ती जवळ आली की शेवटची बदली घराजवळ मागायची सोय आहे. ‘घराजवळ’ म्हणजे पुणे, देवळाली, अहिल्यानगर, कामठी, बेळगाव असं काही. तुमचा तालुका नव्हे.

पेन्शनवर आले आणि आता घरात कोणालाच करमत नाही. त्यांना तर मुळीच नाही.

जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते, म्हणजे माणूस चाळिशीच्या आसपास घरी येतो. अंगात रग असते, हाती काम नसतं आणि पहाटे चारला जाग येते. दोन महिन्यांचा पाहुणा म्हणून ज्याचे लाड झाले तो आता रोज घरात आहे. तुमचं वेळापत्रक, तुमची माणसं, तुमची पैशाची रीत त्याला ठाऊक नाही आणि तो सगळं नव्याने लावायला जातो. पहिलं वर्ष जड जातं. दुसऱ्या नोकरीचा विचार निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सुरू करा. बँका, सरकारी खाती यांत माजी सैनिकांना राखीव जागा आहेत, सैन्यातल्या शिक्षणाची प्रमाणपत्रं निघतानाच जमवावी लागतात. यजमानांनी आल्यावर ताबडतोब शेती हातात घेतली आणि पहिल्या हंगामात माझं त्यांच्याशी जितकं वाजलं तितकं आधी सगळ्या संसारात वाजलं नव्हतं. ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा हे मी वीस वर्षं ठरवत होते!

सुट्टीवर आला की सगळं गाव बाटली मागतं. नाही कसं म्हणायचं?

कँटीनचा कोटा ठरलेला असतो, तो त्याच्या स्वतःसाठी असतो आणि बाहेर विकणं गुन्हा आहे. हे सांगून कोणी ऐकत नाही हेही खरं. आमच्याकडे सासूबाईंनी तोडगा काढला होता. कोणी ‘काय आणलंय का?’ म्हणत ओसरीवर आलं की त्या आतून तपकिरी पिशवी आणून हातात द्यायच्या. आत कँटीनचा चहा आणि अंगाला लावायचा साबण. दुसऱ्यांदा सहसा कोणी विचारत नसे. फक्त एका चुलत सासऱ्यांना तो चहा आवडला आणि ते दर सुट्टीत येत राहिले.